उष्णता दाखविणारे विजेचे मापक

भंडारा जिल्ह्यातील लाखनीचा परिसर धानाचा आहे. धान भरडणाऱ्या गिरणीत मोठ्या मोटारी चालतात. तेथील विजेच्या फळ्यावरील एखादा स्क्रू सैल झाला, तर सांध्याचा रोध वाढतो व तो तापू लागतो. रोध तोच असता प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. तारेचे वेष्टण वितळते, ठिणगी उडते आणि कोंडा व पोती पेटून वर्षाचे पीक भस्मसात होऊ शकते.

तापलेल्या वस्तूतून निघणारे अवरक्त किरण मानवी डोळ्यांस दिसत नाहीत. विल्यम हर्शेल यांनी इ. स. १८०० मध्ये तापमापकाच्या साहाय्याने ते शोधून काढले. आज हातात मावणाऱ्या काही मल्टिमीटरांत या किरणांचे चित्र घेणारा कॅमेराही बसविलेला असतो. वायरमन तारांना स्पर्श न करता तो दुरूनच फळ्यावर रोखतो. तापलेला सांधा पडद्यावर उजळ दिसतो.

मात्र प्रवाह वाहत असेल तरच हा दोष दिसतो. शिवाय चकचकीत धातू असतो त्याहून थंड भासू शकतो. दोष आढळल्यावर पुरवठा बंद करून, वीज उरली नसल्याची त्याच मीटरने खात्री केल्यावरच सांधा घट्ट करावयाचा असतो. यंत्र धोका दाखविते. तो टाळणे सावध हातांचेच काम होय.