काळा झेंडा : एका चाचेगिरीच्या खेळाचे गुणदोष

व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्या वडीलधाऱ्यांचे ठाम मत असते; आणि परीक्षा जवळ आली की आपल्यालाही ते पटू लागते. तरीही कादंबरी, नाटक, चित्रपट यांचे जसे आपण परीक्षण करतो तसे एखाद्या खेळाचे का करू नये, असा प्रश्न मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पडला. निमित्त झाले ‘असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग’ या खेळाचे. मामेभावाच्या संगणकावर हा खेळ मी पंधरा दिवस खेळलो. पुढे वर्गात अठराव्या शतकातील सागरी व्यापाराचा विषय निघाला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्याचे वर्णन केले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “तू लुटलेल्या जहाजांवर साखर होती म्हणतोस, ती पिकवली कोणी?” मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून जन्मला आहे.

प्रथम खेळाचा परिचय करून देतो. युबीसॉफ्ट या कंपनीने 2013 साली तो प्रसिद्ध केला. काळ 1715 ते 1722, आणि स्थळ कॅरिबियन समुद्र. 1713 च्या उट्रेख्टच्या तहाने युरोपातील मोठे युद्ध संपले आणि हजारो खलाशी बेकार झाले. काल जे सरकारी परवाना घेऊन शत्रूची जहाजे लुटत होते, त्यांतले बरेच जण आज परवान्यावाचून तेच काम करू लागले. कालचे शूर आज चोर ठरले! एडवर्ड केनवे हा वेल्समधून आलेला काल्पनिक तरुण या खेळाचा नायक. श्रीमंत होऊन घरी परतायचे, एवढेच त्याचे स्वप्न. त्याच्या भोवती मात्र ब्लॅकबिअर्ड, चार्ल्स व्हेन, जॅक रॅकहॅम, मेरी रीड, अ‍ॅन बॉनी अशी इतिहासातील खरी माणसे वावरतात.

आता गुणांकडे वळू. पहिला गुण म्हणजे समुद्र. ‘जॅकडॉ’ नावाचे जहाज आपल्या हाती येते आणि सुकाणू धरले की खरोखर घर विसरायला होते. वादळात डोंगराएवढ्या लाटा येतात. त्यांना जहाजाचे तोंड दिले नाही तर नुकसान ठरलेले. दुर्बिणीतून दूरच्या जहाजावर कोणता माल आहे आणि किती बळ आहे ते पाहायचे, लढायचे की टाळायचे ते ठरवायचे, साखळीच्या गोळ्यांनी त्याचा वेग मोडायचा, बाजूला येऊन तोफांचा मारा करायचा आणि शेवटी दोर टाकून त्यावर चढायचे. या प्रत्येक टप्प्यावर खेळणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो. जिंकलेल्या जहाजाचे लाकूड वापरून स्वतःची डागडुजी करावी, की ते आपल्या ताफ्यात धाडावे, हाही प्रश्न असतोच. लूट वाढली की जहाज बळकट होते, आणि जहाज बळकट झाले की मोठी लूट शक्य होते. खेळाची गोडी या चक्रात आहे.

दुसरा गुण म्हणजे खलाशांची गाणी. प्रवासात ते एका सुरात गात असतात आणि रिकामे पाणीही भरल्यासारखे वाटते. यांतील बरीचशी गाणी एकोणिसाव्या शतकातील आहेत, म्हणजे नायकाच्या मृत्यूनंतरची! परंतु हा दोष कानाला गोड लागत असल्यामुळे क्षम्य मानावा.

तिसरा गुण माझ्या मते सर्वांत मोठा. बहामा बेटांतील नसाऊ येथे या चाच्यांनी राजाविना वस्ती उभारली होती. ती कशी उभी राहिली, रोगराई आणि आपसांतील भांडणे यांनी कशी पोखरली गेली, आणि 1718 साली गव्हर्नर वुड्स रॉजर्स राजाची माफी घेऊन आल्यावर कोण शरण गेले व कोण नाही, हे सारे कथेत दाखवले आहे. एकेक मित्र गळत जातो. पुरुषवेषातील मेरी रीड नायकाला त्याच्या हावेचा जाब विचारते आणि तुरुंगात मरते. शेवटी श्रीमंतीचे स्वप्न पाहणारा एडवर्ड रिकाम्या टेबलासमोर उभा राहतो. लुटीचा खेळ खेळवून लुटीचा फोलपणा सांगणे सोपे नव्हे.

दोषही तितकेच ठळक आहेत. जमिनीवर उतरले की खेळ मंदावतो. कुणाचा तरी पाठलाग करायचा, झुडपात लपून त्याचे बोलणे ऐकायचे, आणि त्याने पाहिले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! एकदोनदा मजा येते. पुढे शिक्षा वाटते. शिवाय ही सारी कथा म्हणजे आजच्या काळातील एक कंपनी यंत्राद्वारे पाहत असलेल्या स्मृती आहेत, असे मालिकेचे सूत्र आहे. त्यामुळे ऐन रंगात आलेला समुद्र सोडून मधूनमधून कचेरीच्या बोळांतून हिंडावे लागते. देवमाशाची शिकारही अशीच: भाला फेकायचा, कातडे घ्यायचे, पुढे जायचे, मनाला चरा पडायला अवसरच नाही.

याहून गंभीर दोष जहाजाच्या कारभारात आहे. 1724 साली कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने प्रसिद्ध झालेल्या चाच्यांच्या इतिहासात बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजाचे नियम दिले आहेत. त्यांनुसार प्रत्येकाला मत होते, कप्तानाला केवळ दोन वाटे होते आणि अवयव गमावणाऱ्याला भरपाई होती. ज्या काळी व्यापारी जहाजांवर चाबूक चाले, त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट! आपल्या ‘जॅकडॉ’वर मात्र खलाशी म्हणजे निव्वळ आकडा. ते वाटा मागत नाहीत, रुसत नाहीत, कप्तान बदलत नाहीत. याउलट 1987 साली आलेल्या ‘सिड मायर्स पायरेट्स’ या कितीतरी साध्या खेळात लूट वाटली नाही तर खलाशी नाराज होत आणि कप्तानाचे वयही वाढत जाई. चित्रे सुधारली, हिशेब मात्र बिघडला.

आणि आता सरांचा प्रश्न. खेळात गुलामगिरीचा उल्लेखच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नायकाचा सहकारी अ‍ॅडेवाले हा पूर्वी गुलाम होता, आणि किंग्स्टनमधील एक गुलामांचा व्यापारी कथेत खलनायक आहे. पण ते कथेत, जमाखर्चात नव्हे. जहाज लुटले, साखर व रम मिळाली, बंदरात विकली, पैसे आले, बस्स! त्या साखरेसाठी आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे जमैकाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबत होती, ही गोष्ट विक्रीचे बटण दाबताना आडवी येत नाही. ऊस आणि तो तोडणारे हात आपल्या मुलखाला अपरिचित नाहीत. तरीही मला पंधरा दिवसांत हा प्रश्न सुचला नाही. पुढे अ‍ॅडेवालेलाच नायक करून ‘फ्रीडम क्राय’ हा पुरवणी भाग काढण्यात आला. त्यात गुलामांची मुक्तता हेच काम आहे. परंतु तिथेही मुक्त केलेल्या माणसांच्या संख्येवर नवी हत्यारे मिळतात. माणूस पुन्हा नाण्याच्या जागी आला!

एक शेवटचा मुद्दा. 1715 ते 1722 हीच वर्षे मुंबईत गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीची. त्याने 1718 साली खांदेरीवर आणि 1721 साली पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाब्यावर स्वारी केली, दोन्ही फसल्या. समोर होते छत्रपतींचे सरखेल कान्होजी आंग्रे, ज्यांना इंग्रजी कागदपत्रे सर्रास ‘चाचा’ म्हणतात. तेव्हा काळा झेंडा कुणाच्या हाती आहे हे पुष्कळदा लेखणी कुणाच्या हाती आहे यावर ठरते. हे भान ‘ब्लॅक फ्लॅग’ बऱ्याच अंशी देतो, म्हणून तो खेळण्याजोगा आहे. त्याने न विचारलेले प्रश्न आपण विचारावेत, म्हणजे वेळेचा अपव्यय होणार नाही. सरांना मी हे उत्तर थोडे उशिरा देत आहे, एवढेच.