वाचलं, पण कळलं का?

तुमचं मूल दुसरी-तिसरीत आहे. संध्याकाळी ते पुस्तक घेऊन बसते. मोठ्या आवाजात धडा वाचते. तुम्हाला बरे वाटते. "पोरगं शिकतंय," असे तुम्ही म्हणता. आता एक करा. त्याला जवळ घ्या आणि विचारा, "बाळा, काय वाचलंस रं?" पुष्कळ मुले अशा वेळी गप्प बसतात. काही मुले पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागतात.

म्हणजे अक्षरे आली, पण मजकूर कळला नाही.

'प्रथम' ही संस्था 2005 सालापासून खेड्यांतल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करते. तिला 'असर' म्हणतात. 2024 सालच्या पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या पाचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता आला नाही. ही झाली नुसती वाचण्याची गोष्ट. कळण्याची गोष्ट त्याच्या पुढची. पाचवीच्या पुढे गणितही शब्दांत येते, भूगोलही शब्दांत येतो. ज्याला मजकूर कळत नाही ते मूल मागे पडते. मग एक दिवस म्हणते, "मला साळंत जायचं न्हाई." आई-बापांना वाटते, पोराचे डोके चालत नाही. डोके चालते. शब्द कमी पडतात.

हे कसे होते, ते बघू. आम्ही चार ओळी लिहितो.

सखू पाण्याला गेली. विहिरीवर खूप वेळ बसली. रिकामी घागर घेऊन घरी आली. आई काही बोलली नाही.

आता मुलाला विचारा, "आई का बोलली नाही?" याचे उत्तर या ओळींत लिहिलेले नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने काढायचे असते. शिरूर तालुक्यात पाबळ-केंदूरकडचा भाग कोरडवाहू. तिकडची पोर लगेच सांगेल, "विहीर आटली असंल. आई कशाला रागावंल?" दौंड तालुक्यात कालव्याकाठच्या पोराला पाटाचे पाणी दारात दिसते. त्याला थोडे समजावून सांगावे लागेल. पण धडा गुऱ्हाळाचा असू द्या. काहील, काकवी, चिपाड, ढेप हे शब्द दौंडच्या पोराला पाठच आहेत. तिथे पाबळचे पोर अडेल. दोघांनाही अक्षरे सारखीच येतात. ज्याने जे पाहिले, ज्याचे नाव ऐकले, ते त्याला वाचताना कळते.

तेव्हा शब्द आधी कानात पडावे लागतात. ते घरात पडतात, वावरात पडतात, बाजारात पडतात. "आम्ही आत्ता कुठं सही करायला शिकलो, आम्ही पोराला काय शिकवणार?" असे तुम्ही म्हणाल. अहो, बोलता तर येते ना? उसाच्या फडात तुम्ही बेणे, सरी, लागण, खोडवा, पाचट, वाढे असे किती शब्द बोलता! पोराला नुसते "ते आण, हे धर" म्हणू नका. "पाचट गोळा कर" म्हणा. खोडवा म्हणजे काय, ते फडात उभे राहून दाखवा. मोबाईलही दिवसभर बोलतो, पण तो पोराच्या उत्तराची वाट बघत नाही. तुम्ही बघा.

कोणी म्हणतात, घरची भाषा गावंढळ, पोराने ती सोडावी. आम्हाला हे मुळीच पटत नाही. दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाई राहिल्या. त्यांचा जन्म 1858 सालचा. त्या काळी मुलींना कोण शिकवतो? पण त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना संस्कृत शिकवले. घरदार सोडून तीर्थयात्रेत फिरणारे कुटुंब ते. शाळा कुठली? आईच शाळा. पुढे 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी केडगावी आसरा दिला, शिकवले. अखेरच्या वर्षांत त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर केले. मनात आणते तर एवढ्या पंडित बाईने जड संस्कृत शब्दांची रास घातली असती. त्यांनी मुद्दाम सोपे शब्द घेतले. खेड्यातल्या साध्या बायकांना वाचून कळावे, हा हेतू. रमाबाई 1922 साली वारल्या. 1924 साली ते सबंध पुस्तक बाहेर आले. एवढ्या विदुषीला आपले घरगुती शब्द हलके वाटले नाहीत!

म्हणून पोर "वावर" म्हणाले तर रागावू नका. "पुस्तकात त्यालाच शेत म्हणत्यात," एवढे सांगा. औंदा म्हणजे यंदा. मोप म्हणजे पुष्कळ. एकाला दोन शब्द झाले, घरचा गेला नाही.

बाजाराला निघालात तर पोराला बरोबर घ्या. शिरूरच्या एस.टी. स्टँडवर, दौंडच्या स्टेशनावर पाट्या असतात. चौकशी, फलाट, आगमन असे शब्द तिथे सापडतात. पोराला वाचू द्या. मग विचारा, "हितं काय करत्यात?" समोर माणसे खिडकीशी उभी राहून गाडीची वेळ विचारत असतात. ते बघून तोच सांगेल, चौकशी म्हणजे काय. धड्यातही असेच. शब्द अडला की लगेच अर्थ सांगून टाकू नका. मागची-पुढची ओळ पुन्हा वाचायला लावा आणि अंदाज करू द्या. अंदाज चुकला तर चुकू द्या.

धडा वाचताना मधेच थांबवा. "आता पुढं काय हुईल?" असे विचारा. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि गोष्ट आजीला सांगायला लावा. आजी हमखास विचारते, "असं का केलं रं त्यानं?" हा 'का' फार कामाचा. कोण आणि कुठे हे धड्यात बघून सांगता येते. 'का' साठी विचार करावा लागतो. रोज पाव तास पुरे. गडी माणूस दमून येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. भाकरी थापताना आईनेही हे करता येते. त्याला हातात पुस्तक लागत नाही.

कळण्याची परीक्षा घरातच आहे. पिकावर मारायच्या औषधाच्या बाटलीवर मजकूर असतो. खाली रंगीत त्रिकोण असतो. लाल रंग म्हणजे सगळ्यांत जहाल विष. बाटली तुम्ही आपल्या हातात धरा आणि पोराला वाचू द्या. "लहान मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवावे." पोर घडाघडा वाचेल. मग विचारा, "आवाक्याबाहेर म्हंजी?" ते गप्प बसले तर त्याला हात वर करून उभे करा. हात जिथवर पोचतो तो त्याचा आवाका. त्याच्या वर ते बाहेर. आणि आता त्यालाच विचारा, आपल्या घरात अशी जागा कुठली. ते फळी दाखवील. "फळीला तर माझा हात पुरतो," असे म्हणाले, तर बाटली कुलपात ठेवा.