सुट्टीवर आलात, पण कामातून सुटलात का?

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मंडळी जिंतूर तालुक्यातल्या येलदरीसारख्या गावांकडे निघतात. मुलांना पूर्णा नदीवरचे धरण दाखवायचे असते, आईच्या हातची भाकरी खायची असते. पण पिशव्या खाली ठेवतो न ठेवतो तोच फोन वाजतो. ‘दोनच मिनिटं’ म्हणत माणूस रेंज शोधत गच्चीवर जातो आणि इकडे ताट झाकून ठेवावे लागते. चार दिवसांनी परतताना तो म्हणतो, ‘सुट्टी संपली, पण शीण काही गेला नाही.’

असे का होते? कारण विश्रांती म्हणजे फक्त काम न करणे नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विश्रांतीचे चार घटक मांडले: मनाने कामापासून दूर होणे, शरीर-मन सैल सोडणे, काहीतरी नवे करून पाहणे आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवणे. गच्चीवरच्या त्या एका फोनने यातला पहिला घटक हातचा जातो. फोन दोन मिनिटांत संपतो, पण मन त्यातच घुटमळत राहते. अर्धवट कामातून उठल्यावर लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांच्या २००९ मधील संशोधनातून दिसले आहे. मन असे ताणलेले राहिले की झोप उथळ होते आणि सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटत नाही.

हा प्रश्न केवळ मूडचा नाही. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये दिला. सुट्टीतही काम सुरूच राहिले, तर ही भरपाई व्हायची कधी?

किती दिवस पुरेसे?

नेदरलँड्समध्ये लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांच्या एका अभ्यासात (२०१३) असे आढळले, की प्रकृती आणि मन साधारण आठव्या दिवशी सर्वांत चांगले होते. मात्र कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच हा फायदा ओसरला. म्हणजे वर्षातून एकदाच मोठी सुट्टी घेऊन वर्षभराची बेगमी होत नाही. अधूनमधून छोट्या सुट्ट्या आणि रोजची पुरेशी झोप हवीच.

काम टाळता येत नसेल तर...

कुणाचे दुकान असते, कुणाचा प्रकल्प अडलेला असतो. अशांनी एवढे करून पाहावे:

- निघण्यापूर्वी अपुऱ्या कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ‘कधी, कसे’ ते लिहा. नुसता आराखडा केला तरी त्या कामांचे विचार मनात डोकावणे कमी होते, असे २०११ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले.
- कामासाठी दिवसातून एकच वेळ ठरवा. उदाहरणार्थ, सकाळी एक तास. ती वेळ घरच्यांना आणि कार्यालयालाही सांगून ठेवा. दिवसभर पाच-पाच मिनिटे काम करणे जास्त थकवते.
- उरलेल्या वेळी कार्यालयाचे संदेश बंद ठेवा. जेवताना आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत असू द्या.
- दुपारी डुलकी घ्यायची तर वीस-तीस मिनिटांचीच घ्या, म्हणजे रात्रीची झोप बिघडत नाही.
- परतीचा प्रवास कामाच्या आदल्या रात्री नको. मध्ये एक मोकळा दिवस ठेवा.

आणि घरातल्या बाईची सुट्टी?

पाहुण्यांनी भरलेल्या घरात सुट्टी म्हणजे बाईसाठी दुप्पट काम असते. नोकरी करणारी सून कार्यालयातून सुटते ती थेट चुलीपुढे येते. वर सांगितलेल्या चार घटकांपैकी एकही तिच्या वाट्याला येत नाही. दिवसातले एक जेवण पुरुषांनी आणि मुलांनी मिळून केले, तर हा हिशेब थोडा तरी सुधारेल.

पुरेशी झोप आणि विश्रांती घेऊनही दोन-तीन आठवडे थकवा जात नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. त्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह किंवा नैराश्य असू शकते. छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल, तर वाटच पाहू नका.

आपल्याकडे विश्रांतीची समज जुनीच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात आणि सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ‘एकच तास मारून घेऊ’ असे त्या दिवशी कुणी म्हणत नाही. वर्षभर राबणाऱ्या जनावराला जी सूट आपण देतो, ती स्वतःला आणि घरच्यांना द्यायला काय हरकत आहे?