गाडीची चमक घासून नव्हे, जपून टिकते

रमजान ईद जवळ आली किंवा घरात निकाह ठरला की दारातली गाडी पॉलिश करून आणण्याची घाई सुरू होते. घराला रंग, मुलांना नवे कपडे आणि गाडीला चमक, असा बेत असतो. या हौसेत गैर काही नाही. स्वच्छता आणि नीटनेटकेपणा आपल्या दीनचाच भाग आहे. पण दरवर्षी मशीन फिरवून आणलेल्या चमकेमुळे गाडीचा रंग टिकत नाही, उलट झिजतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कोल्हापूर-हुपरी रस्त्यावरच्या गडमुडशिंगीकरांना हे समजायला लांब जायला नको. हुपरीचा कारागीर चांदीच्या पैंजणाला झिलई देतो, तेव्हा चांदीचे बारीक कण निघून खाली पडतात. म्हणून तर कारागिराकडचा केरसुद्धा फेकला जात नाही. त्यातून चांदी परत काढली जाते. गाडीच्या पॉलिशचेही तसेच आहे. फरक एवढाच, की गाडीवरून निघालेला थर परत मिळत नाही.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंगाचे रक्षण तोच करतो. पॉलिश म्हणजे या थराचा वरचा खरवडलेला भाग घासून सपाट करणे. ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा थर खाली आणला जातो. वारंवार घासल्याने क्लिअर कोट फार पातळ झाला, की बॉनेट आणि छतावर पांढरट चट्टे उठतात, पापुद्रे सुटतात. मग कोणतेही पॉलिश कामाला येत नाही, तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे व्याजाचे कर्ज नको म्हणून साठवलेल्या रोख पैशांतून जुनी गाडी घेतात. ती दहा-बारा वर्षे चालावी, ही अपेक्षा असते. अशा गाडीवर आधीच्या मालकाने किती वेळा मशीन फिरवले, हे आपल्याला माहीत नसते. म्हणून जोरदार पॉलिशच्या आधी रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्राने तपासणी करून घ्यावी. चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे हे यंत्र असते.

आपल्या भागात रंगाचे शत्रू ठरलेले आहेत. उसाचा फड तुटल्यावर पाचट पेटवले, की काळी काजळी उडत येऊन गाडीवर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसली, तर डाग पसरतो आणि खालची धूळ रंगावर घासली जाते. काजळी फुंकर मारून किंवा पाणी ओतूनच घालवावी. दुसरा शत्रू लोखंडाचे कण. कोल्हापूर फाउंड्रीचे शहर. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्यांच्या गाड्या दिवसभर तिथे उभ्या असतात. ग्राइंडिंगची बारीक कीस रंगात रुतते आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसू लागतात. पत्रा गंजला असे वाटून माणूस घाबरतो, पण बहुधा तो गंज वरच्या कणांचा असतो. लोहकण काढणारा फवारा मिळतो. कणांना लागताच तो जांभळा होतो आणि मग पाण्याने धुऊन टाकायचा. तिसरा शत्रू बोअरचे जड पाणी. ते उन्हात वाळले, की क्षारांचे पांढरे गोल डाग उरतात. चौथा, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक. त्यावर ओले फडके दहा मिनिटे ठेवावे, मऊ झाल्यावर अलगद उचलावे. नखाने खरवडू नये.

गाडीवरचे बहुतेक कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे अपघाताने नव्हे, धुण्या-पुसण्यानेच पडतात. त्यामुळे जपणूक सुरू होते ती बादलीपासून. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. आधी साधे पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत कापड खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी. वरून खाली यावे; चाके आणि खालचा चिखलाचा भाग शेवटी, वेगळ्या कापडाने. कपड्यांची पावडर वापरू नये, ती मेणाचा थर उतरवते. डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने येणारी चमक तेलाची असते. तिच्यावर धूळ चिकटते आणि रबराची पट्टीही खराब होते. शेवटी जाड, मऊ मायक्रोफायबर कापडाने पाणी टिपून घ्यावे. अशा धुण्याला दोन-तीन बादल्या पुरतात. नळी लावून तासभर पाणी सोडणे हा इस्राफ आहे. वुजूलाही पाणी जपून वापरण्याची शिकवण असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

धुतल्यावर बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावर हात फिरवावा. खरखर लागली, तर कण रुतलेले आहेत असे समजावे. ते क्ले बारने, भरपूर ओलावा ठेवून काढता येतात. त्यानंतर मेण किंवा सीलंट लावावे. पॉलिश थर काढते, मेण थर चढवते, हा भेद लक्षात ठेवला तरी निम्मे काम झाले. मेण दर दोन-तीन महिन्यांनी, अगदी पातळ लावावे. पावसाळ्याआधी एकदा लावणे तर आवश्यकच. पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळेनासे झाले, की पुन्हा लावण्याची वेळ आली.

सिरॅमिक कोटिंग जास्त टिकते आणि धुणे सोपे करते. पण ते एक-दोन मायक्रॉनचे असते. उसाच्या ट्रॉलीचा घसारा किंवा उडालेला खडा ते अडवत नाही. रोजच्या गाडीला ते हवेच, असे नाही. पॉलिशही ओरखडे खरोखर डोळ्यांत येऊ लागले तरच, आणि आधी सौम्य करावे. एका कोपऱ्यात करून पाहावे, पुरे वाटले तर तिथेच थांबावे.

गाडी विकायची वेळ आली की पॉलिशचा प्रश्न वेगळाच होतो. काही पॉलिशांत असे तेलकट पदार्थ असतात, की ओरखडे दोन-चार धुण्यांपुरते झाकले जातात. गाडी स्वच्छ, चकचकीत करून दाखवणे रास्तच आहे. पण ठोकर लागलेले दार पुट्टी भरून रंगवलेले असेल, तर ते घेणाऱ्याला सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. बाजारातल्या धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, आतले धान्य ओले लागले, आणि लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. चमकत्या रंगाखालची पुट्टी म्हणजे तेच ओले धान्य. घेणाऱ्यानेही कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवून पाहावे. जाड पुट्टीवर ते नीट धरत नाही. प्लॅस्टिकचे बंपर मात्र यातून वगळावेत.

गाडी जपून धुतली आणि वेळेवर मेण लावले, तर ईदला मशीन फिरवण्याची गरजच पडत नाही. वाचलेला खर्च घरात राहतो, आणि पुढे कधी ती दुसऱ्याच्या हाती दिली, तर तिच्या रंगाबद्दल झाकण्यासारखे फारसे काही उरत नाही.