दोन पडद्यांची जोडणी

मुलांनो, उर्दूतला 'परदा' मराठीत 'पडदा' होतो. खिडकीला पडदा असतो, नाटकाला पडदा असतो आणि संगणकालाही पडदा असतो. लॅपटॉपचा पडदा त्याच्या झाकणातच असतो. ज्या वेगळ्या यंत्रात फक्त पडदा असतो, त्याला मॉनिटर म्हणतात. लॅपटॉपला असा मॉनिटर कसा जोडतात, ते आज आपण पाहू.

आमची आपा मालेगावला उर्दू पुस्तकांची अक्षरजुळणी करते. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली. तेव्हापासून ती घरूनच काम करते. लेखक आपल्या हस्तलिखिताचे फोटो पाठवतात. आपा ते वाचून लॅपटॉपवर टाइप करते. पण लहानशा पडद्यावर हस्तलिखित आणि टाइप केलेले पान शेजारी शेजारी नीट मावत नसे. पाने सारखी मागेपुढे करताना एखादी ओळ सुटून जाई. शिवाय पडदा खाली असल्यामुळे दिवसभर मान वाकवावी लागे. संध्याकाळी तिची मान इतकी आखडे, की वळून पाहणेही कठीण होई.

हे पाहून मामूंनी आपल्या दुकानातला जुना मॉनिटर आणि कळफलक आणून दिला. त्या रात्री आपाला एका पुस्तकाची शेवटची पाने पूर्ण करायची होती. सकाळी दहा वाजता ती छापखान्यात पोहोचायला हवी होती.

मॉनिटरबरोबर निळ्या टोकाची एक जाड केबल होती. भाईजान ती लॅपटॉपमध्ये जोर लावून बसवू लागला. आपा म्हणाली, "अरे, थांब! जोर लावू नकोस. पिना वाकतील. आधी दोन्हीकडची पोर्ट पाहू या."

पोर्ट म्हणजे केबल बसवण्याची जागा. ती केबल व्ही.जी.ए. प्रकारची होती. हा प्रकार १९८७ साली आला. त्यात तीन ओळींत पंधरा पिना असतात. त्यातून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही. आपाच्या लॅपटॉपला असे पोर्टच नव्हते. त्याला एच.डी.एम.आय. पोर्ट होते. हे पोर्ट चपटे असते आणि त्याचे खालचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात. त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. सुदैवाने मॉनिटरच्या मागे दोन्ही प्रकारची पोर्ट होती. आमच्या टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला एच.डी.एम.आय. केबलच होती. ती काढून आपाने मॉनिटरला जोडली.

मॉनिटरचा दिवा लागला. पण पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे आली आणि पडदा काळा झाला.

भाईजान म्हणाला, "मॉनिटर बिघडलेला दिसतो. उद्या मामूंना परत देऊन टाकू."

आपा म्हणाली, "दिवा लागतो आहे, अक्षरेही दिसली. म्हणजे मॉनिटर चालू आहे. त्याच्यापर्यंत चित्र का येत नाही, ते शोधू."

तिने केबलची दोन्ही टोके नीट बसवली. मग मॉनिटरच्या कडेची बटणे पाहिली. मॉनिटरला दोन पोर्ट असली, की कोणत्या पोर्टवरचे चित्र दाखवायचे ते 'सोर्स' किंवा 'इनपुट' या बटणाने ठरवता येते. दुकानात हा मॉनिटर व्ही.जी.ए. केबलवर चालत असे. त्यामुळे तो अजून त्याच दाराशी पाहुण्याची वाट पाहत होता आणि पाहुणा दुसऱ्या दाराशी उभा होता! आपाने एच.डी.एम.आय. निवडताच पडदा उजळला.

पण दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसत होते. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोजची कळ दाबून धरून 'पी' ही कळ दाबली, की चार पर्याय येतात. फक्त लॅपटॉपचा पडदा, दोन्हीकडे एकच चित्र, दोन्ही पडदे मिळून एक मोठी जागा आणि फक्त दुसरा पडदा. आपाने तिसरा पर्याय, म्हणजे 'एक्स्टेंड' निवडला.

आता मॉनिटर समोर होता आणि लॅपटॉप त्याच्या उजवीकडे. तरी माउसचा बाण मॉनिटरकडे, म्हणजे डावीकडे नेला की कडेलाच अडे. कारण मॉनिटर उजवीकडे आहे, असे लॅपटॉप समजत होता. 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. आपाने २ क्रमांकाचा चौकोन ओढून डावीकडे ठेवला. लगेच बाण सरळ जाऊ लागला.

शेवटी अम्मीने मॉनिटरखाली लाकडी पाट ठेवला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. पडदा साधारण हातभर अंतरावर असावा. म्हणजे मान वाकत नाही. कळफलक मॉनिटरच्या समोर आला. लॅपटॉपवर हस्तलिखित आणि मॉनिटरवर टाइप केलेले पान, अशी मांडणी झाली.

त्या रात्री आपा उशिरापर्यंत जागली. सकाळी भाईजान सायकलवरून छापखान्यात गेला, तेव्हा त्याच्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळी पाने होती.

मुलांनो, कधी तुमच्याही घरी पडदा काळा राहिला, तर यंत्र बिघडले असे एकदम म्हणू नका. वीज आहे का? केबल योग्य पोर्टमध्ये घट्ट बसली आहे का? मॉनिटरवर योग्य सोर्स निवडला आहे का? लॅपटॉपला दुसरा पडदा वापरायला सांगितले आहे का? हे प्रश्न याच क्रमाने विचारा. उत्तर बहुधा यांतच सापडेल.