भिलाईचा रूळ आणि चिनी पत्रा

भिलाईच्या युनिव्हर्सल रेल मिलमधून १३० मीटर लांबीचा रूळ एकसंध बाहेर पडतो. असे दोन जोडले की २६० मीटरचं पॅनेल होतं आणि वाघिणींच्या रांगेवर लादून ते रेल्वेकडे जातं. या गावात पोलादाचा विषय निघाला की आता ठरलेलं वाक्य ऐकू येतं : चिनी मालावर जबर शुल्क लावा, म्हणजे कारखान्याला घोर नाही. शुल्क हवं, असं मलाही ठामपणे वाटतं. पण ते नेमकं काय करतं, याबद्दल बराच घोळ आहे.

गैरसमज : सेफगार्ड ड्युटीने भिलाई तरली.
केंद्राने २१ एप्रिल २०२५ पासून १२ टक्के सेफगार्ड ड्युटी, म्हणजे आयातीपासून देशी उद्योगाला मुदतीचं संरक्षण देणारं जादा शुल्क, लावली ती कॉइल, पत्रे, प्लेट अशा सपाट पोलादावर. रूळ, सळया, अँगल, चॅनेल त्या यादीत नाहीत, आणि भिलाईचा बराचसा माल तोच आहे. इथल्या प्लेट मिलला मात्र या शुल्काचा खरा आधार आहे. ‘आयएनएस विक्रांत’ला लागलेल्या पोलादात भिलाईचाही वाटा होता, अशी मिल स्वस्त मालाच्या लोंढ्यात बंद पडू देणं परवडणारं नाही. रुळांचं गणित वेगळं. ते रेल्वेच्या मागणीवर चालतं. २०१७ मध्ये हवे तेवढे रूळ मिळेनात, तेव्हा रेल्वेने थेट जागतिक निविदा काढली. तिथे अडचण पुरवठ्याची होती, चीनची नव्हे.

गैरसमज : हे शुल्क चीन भरतो.
भरतो तो इथला आयातदार, बंदरावर माल सोडवताना. समजा, एक टन हॉट रोल्ड कॉइल ५०,००० रुपयांना उतरली. ७.५ टक्के मूळ सीमाशुल्काचे ३,७५० आणि १२ टक्के सेफगार्डचे ६,००० रुपये त्यावर चढतात. आयात महागली की देशी गिरण्यांनाही दर वर नेता येतो. इथल्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये प्लेटवर खडूने रेघ मारून गॅस कटर चालवणाऱ्याला विचारा. त्याने ठेक्याचा दर महिन्यापूर्वी दिलेला असतो. प्लेट महागली तर फरक त्याच्या मजुरीतून जातो. मोठ्या कारखान्याला संरक्षण देताना या लहान कारखानदाराचा हिशेब कोणी मांडत नाही, हे मला खटकतं. सरकारी ठेक्यांत दरवाढीचं कलम असायलाच हवं.

गैरसमज : स्वस्त पोलाद म्हणजे चिनी पोलाद.
२०२४-२५ मध्ये भारतात सुमारे ९५ लाख टन तयार पोलाद आलं. त्यातलं तीन-चतुर्थांशाहून अधिक चीन, दक्षिण कोरिया आणि जपान या तिघांचं. कोरिया-जपानशी व्यापार करार असल्याने तिकडून येणाऱ्या पोलादाला मूळ सीमाशुल्क जवळपास लागतच नाही. म्हणून नुसतं ते वाढवून भागत नाही. सेफगार्ड ड्युटी मात्र त्यांनाही लागते. तरीही चीनचं सावट खरं आहे. २०२४ मध्ये त्याने ११ कोटी टनांच्या आसपास पोलाद निर्यात केलं. त्यातलं आपल्या बंदरात थोडंच उतरतं, पण जगभरचा भाव त्याने पडतो आणि इथला खरेदीदार तोच भाव दाखवून घासाघीस करतो.

आयात सरसकट वाईट, हेही खरं नाही. पोलादाला लागणारा कोकिंग कोळसा आपण बहुतांश बाहेरूनच आणतो. भिलाईच्या भट्ट्याही त्याच्याशिवाय चालत नाहीत.

गैरसमज : शुल्क एकदा लागलं की कायमचं.
तसं नसतं, आणि याचा जुना दाखला भिलाईच्याच खनिजापासून सुरू होतो. दल्ली-राजहराच्या ज्या लोहखनिजावर भिलाई उभी राहिली, त्याचा पत्ता दोराबजी टाटांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूरच्या संग्रहालयातल्या भूगर्भीय नकाशावर लागला होता. जवळ योग्य कोळसा नसल्याने टाटांचा कारखाना पुढे जमशेदपूरला गेला. पहिल्या महायुद्धानंतर युरोपच्या स्वस्त पोलादाने तो बुडायला आला, तेव्हा टॅरिफ बोर्डाच्या चौकशीनंतर १९२४ चा पोलाद संरक्षण कायदा झाला. संरक्षण मिळालं ते ३ वर्षांचं. १९२७ मध्ये पुन्हा चौकशी होऊनच ते वाढलं. आजची ड्युटीही तशीच मुदतीची आहे : पहिल्या वर्षी १२ टक्के, दुसऱ्या वर्षी ११.५, तिसऱ्या वर्षी ११, आणि एप्रिल २०२८ मध्ये मुदत संपते.