ईदीच्या पाकिटावर इवला पंजा

घरात सगळ्यांचा रोजा आहे आणि आपला नाही, हे चार वर्षांच्या पोराला बरोबर कळते. अम्मी दुपारी पाणी पीत नाही, असरच्या नमाजनंतर दादी भजी तळायला घेते आणि त्याला मात्र कोणी कशाला हात लावू देत नाही. रोजाकुशाईला अजून काही वर्षे असलेल्या या मंडळींना रमजानात आपलेही काही काम हवे असते. हाताचे ठसे हे त्यांना झेपणारे काम.

सामान स्वयंपाकघरातलेच. मैदा पाण्यात शिजवून पातळ खळ करावी. निवल्यावर एका वाटीत हळद, दुसरीत बिटाचा रस मिसळावा. बोट तोंडात गेले तरी भीती नाही. हळदीचा डाग निघता निघत नाही, म्हणून अंगात जुना सदरा हवा. ही गोष्ट बहुतेकांना सदरा पिवळा झाल्यावरच आठवते. तळव्याला खळ लावून हात कागदावर एकदाच दाबावा आणि सरळ वर उचलावा. मनगटासकट ठसा घेतला की खजुराचे झाड तयार: मनगट खोड, बोटे झावळ्या. गोलाकार ठसे घेतले की फूल. चंद्रकोर आखून ती बोटांच्या टोकांनी भरावी. अनेक मुस्लिम घरांत सजीवांची चित्रे काढणे टाळतात. झाड, फूल, चंद्र यांत ती अडचण येत नाही. शेजारच्या घरात हे नवे वाटणार नाही. वास्तुशांतीला भिंतीवर उमटलेले कुंकवाचे हात तिथे असतातच.

नाशिकरोड तर छपाईचेच गाव. 1928 पासून इथे नोटा छापल्या जातात. ईदीला सगळ्यांना कोरी करकरीत नोट हवी असते, तिच्यासाठी पाकीट मात्र घरीच करावे. साधा कागद दुमडून कडा खळीने चिकटवाव्यात, वर पंजा उमटवावा. नोटेला तिचा क्रमांक असतो, तसा पाकिटाला हा पंजा.

मेंदीबाबत मात्र हयगय नको. खरी मेंदी केशरी, मग तपकिरी रंगते. काळी कधीच नाही. झटपट काळ्या रंगणाऱ्या मेंदीत बहुधा केस रंगवायचे रसायन, पीपीडी, असते. त्याने कोवळ्या त्वचेवर फोड येतात आणि एकदा जडलेली अॅलर्जी जन्मभर राहू शकते. चांदरातीच्या गर्दीत विकत घेतलेल्या कोनात काय आहे, हे कोणी विचारत नाही. सुक्या मेंदीची पूड घरी भिजवून कोन भरावा. रंग उशिरा चढेल, चढू द्यावा.

एक ठसा वाटायचा नाही, ठेवायचा. मागे नाव, वय, हिजरी सन लिहावे. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणजे दोन ईदींत पुरते बारा महिनेही जात नाहीत. तरी पुढच्या ईदला तोच हात जुन्या ठशावर ठेवला, की खालचा पंजा झाकून जातो.